किती थाउ?

आत्या, तुझ्या मशीनच्या हँडलवर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीचं तुला एक वेळ चाललं असतं.

तू गेलीस आणि कोपरमधल्या तुझ्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या माणसांनी भरून गेल्या. मागच्या खोलीत, जिथे चहाचा कप घेऊन यायलाही तू कोणाला परवानगी द्यायची नाहीस, तिथे गाद्या पडल्या. गाद्यांना जागा हवी म्हणून बाबांनी आणि गावाहून आलेल्या कोणीतरी मिळून मशीनवरच्या रोटरी टेबलाला आवळलेला अर्धवट चौरंग सोडवला, क्लॅम्प एका डब्यात नीट ठेवले आणि लाकडाचा तो गोल पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून उभा केला. त्यांनी तो जपून उचलला होता. खाली जुनी चादरसुद्धा घातली होती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा तो तिथे होता, सोळापैकी पाच पाकळ्या कापायच्या राहिलेला, तोंड भिंतीकडे करून. आणि मशीनच्या हँडलवर तो टॉवेल.

मला तेव्हा रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं. शेजारच्या बायकांनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, तुझी आठवण आली. मी मनात एकच वाक्य म्हणत होते, तुझ्या आवाजात: "झालं! सेंटर गेलं." लाकडाचा मध्य हलला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगत होते, "ताई जरा एक्सेंट्रिक होती." प्रेमानेच सांगत होते. लग्न केलं नाही, रिटायर झाल्यावर लोक यात्रेला जातात तर हिने भंगारातून मिलिंग मशीन आणलं, राहत्या घरात बसवलं, आणि त्यावर लाकडाची फुलं कापत बसली. लोक मान डोलवायचे. मी कोपऱ्यात कपबशा गोळा करत ऐकत होते, आणि दर वेळी जिभेच्या टोकाशी तुझा प्रश्न यायचा. विचारला नाही. मी काही विचारत नाही हे तुला माहीतच आहे.

तो प्रश्न कुठून आला, आठवतं? मी शाळेत होते. तू रोटरी टेबल नवंनवं बसवलं होतंस आणि मला बघायला बोलावलं होतंस. जाड लोखंडी गोल चकती, कडेने अंशांच्या खुणा, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की चकती घड्याळाच्या काट्यापेक्षाही सावकाश फिरायची. तू तिच्यावर लाकडाचा एक गोल तुकडा ठेवलास आणि डायल गेजचा, म्हणजे केसभर फरक मोजणाऱ्या काट्याच्या मापाचा, पाय त्याच्या कडेला टेकवलास. चकती फिरली तसा डायलचा काटा चढला आणि उतरला.

"बघ," तू म्हणालीस, "हा जॉब एक्सेंट्रिक आहे."

मी हसले. "आत्या, लाकूड कसं एक्सेंट्रिक असेल? माणसं असतात."

"कोण माणसं?"

मी गप्प झाले. तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुझ्यापुढे गप्प राहणं फार अवघड, म्हणून मी म्हटलं, "बाबा तुला म्हणतात."

मला वाटलं, आता तुला वाईट वाटणार. तू इतकी हसलीस की डायलचा काटा थरथरला. "विचार त्याला," तू म्हणालीस, "किती थाउ?"

थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मला त्या दिवशी कळलं. वागळे इस्टेटमध्ये तुझ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये सगळे असंच म्हणायचे, इंग्रजी शब्दाचं शेपूट तोडून. एक्सेंट्रिक म्हणजे वेडा नाही, वाईट नाही. फिरायचं एका मध्याभोवती आणि आपला मध्य त्याच्यापासून जरा बाजूला, एवढंच. आणि ते बाजूला असणं मोजता येतं. माझ्या इंग्रजी शाळेने मला त्या शब्दाचं स्पेलिंग शिकवलं होतं. अर्थ तू शिकवलास.

बाबांना मी तो निरोप दिला. पुढे वर्षानुवर्षं तुमचं ते ठरलेलंच झालं. बाबा काही तरी टोमणा मारणार, तू भुवया उंचावून "किती थाउ?" विचारणार, बाबा म्हणणार, "काट्याच्या बाहेर!" आणि आई म्हणणार, "तुमचं झालं असेल तर जेवायला बसा."

एक गोष्ट मात्र तू बाबांना कधी सांगितली नाहीस. मला सांगितलीस. काटा नेहमी दुप्पट सांगतो. जॉब दहा थाउ बाजूला असेल तर पूर्ण फेरीत काटा वीस फिरतो, कारण एकदा तो या बाजूला दिसतो आणि एकदा त्या. नवीन माणूस वीस वाचतो आणि वीस सरकवतो. मग चूक जाते पलीकडच्या बाजूला, तेवढीच्या तेवढी. "अर्धंच सरकवायचं," तू म्हणायचीस, लाकडी मोगरीने कडेला हलकेच टिचकी मारत. "काटा खोटं बोलत नाही, पण दोन्हीकडून मिळून बोलतो. लोकांचंही तसंच असतं बघ. मला नावं ठेवतात ना, त्याचं मी अर्धंच धरते."

अर्धं तरी धरायचीस का, कोण जाणे. तुझ्याइतकी स्वतःवर खूश असलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. "माझ्यासारखं सेंटर अख्ख्या वागळे इस्टेटमध्ये कोणी काढत नव्हतं," तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचीस, "आणि हे मी सांगत नाही, काटा सांगतो." तुला तिथे सगळे डायलबाई म्हणायचे, हेही तूच सांगायचीस, पदवी मिळाल्यासारखं. मला सुरुवातीला तुझी लाज वाटायची. आमच्या घरी स्वतःचं कौतुक कोणी करत नाही. मग एकदा मी तुला काम करताना नीट बघितलं आणि लाज गेली. तू बढाई मारत नव्हतीस. रीडिंग सांगत होतीस.

ते काम मला आठवतं. आधी रोटरी टेबलाचा मध्य मशीनच्या कटरखाली बरोबर आणायचा. त्यासाठी कटरच्या जागी डायल लावायचं, टेबलाच्या मधल्या भोकात त्याचा पाय फिरवायचा आणि मशीनची हँडलं फिरवत काटा शांत करायचा. ते झालं की ती हँडलं बंद. पुन्हा हात लावायचा नाही. मग जॉब टेबलावर ठेवायचा आणि आता फक्त जॉब सरकवायचा, टिचक्या मारून. ही दोन कामं वेगळी आहेत हे माझ्या डोक्यात शिरेना. जॉब बाजूला दिसला की माझा हात हँडलकडे जायचा. तू हातावर चापट मारायचीस. "आधी चौरंग, मग सत्यनारायण! देव वाकडा बसला म्हणून चौरंग हलवतात का?"

मी नौपाड्यातली, कॉन्व्हेंटमधली मुलगी, मला सत्यनारायण फक्त प्रसादापुरता माहीत. पण ते वाक्य डोक्यात बसलं ते बसलं.

तू मला कॉन्व्हेंटच म्हणायचीस. "काय गं कॉन्व्हेंट, आज काय शिकायचंय?" आणि मराठी आकड्यांवरून तर तू मला जगू दिलं नाहीस. एका पाटावर सोळा पाकळ्यांचं फूल कापायचं होतं. तू कटर धरून उभी, मी टेबलाच्या हँडलवर. तू अंश सांगायचे, मी तिथे टेबल न्यायचं, तू कापायचं. "साडेबावीस," तू म्हणालीस, जमलं. "पंचेचाळीस," तेही जमलं. मग म्हणालीस, "साडेसदुसष्ट." मी एक क्षण थांबले. विचारायची लाज वाटली. सदुसष्ट म्हणजे सत्त्याहत्तर, असं मनाशी ठरवलं आणि टेबल नेलं. तू कापलंस. पुढची पाकळी नव्वदवर आली आणि तिच्या अंगावर जाऊन बसली, खच्चून भरलेल्या बाकड्यावर आणखी एकाने बसावं तशी.

तू कटर वर घेतलास. खाली बघितलंस. माझ्याकडे बघितलंस.

"सदुसष्ट म्हणजे किती?"

"सेव्हन्टी... सेव्हन?"

तू कपाळावर हात मारून घेतलास. "अगं, जगात कोणाचाही जॉब बिघडतो तो यंत्राने, नाहीतर झोपेने. तुझा बिघडला बालभारतीने!"

तो पाट तू टाकला नाहीस. तुझ्या पाण्याच्या माठाखाली ठेवलास. अजून आहे तिथे. कोणी विचारलं तर सांगायचीस, "ही इंग्लिश मीडियमची पाकळी." आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी मी आले की दारातच आकडा फेकायचीस. "एकोणऐंशी?" मी म्हणायचे, "सेव्हन्टी नाईन." मगच चप्पल काढायची.

तू एकदा विचारलं होतंस, "तुझ्या वयाच्या पोरी रविवारी मॉलमध्ये जातात. तू इथे भुसा खायला का येतेस?" मी म्हटलं, "घरी बोअर होतं." तू मान हलवून कामाला लागलीस. ते उत्तर खरं नव्हतं, आत्या. खरं हे होतं की लोक माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघतात, आणि तसं बघितलं की माझे शब्द आत जातात. तुझ्या खोलीत आपण दोघी काट्याकडे बघायचो. तासभर. तू टिचकी मारायचीस, मी टेबल फिरवायचे, आणि मधेच मला न विचारता मी काही तरी बोलून गेलेले असायचे, ऑफिसचं, मैत्रिणींचं, आईचं. तू मान वर न करता "हं" म्हणायचीस. तेवढं "हं" मला कुठे मिळालं नाही.

माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्येच आहे, जुन्या कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. तुला त्याचं फार कुतूहल. "तुमच्याकडे काय बनतं?" "काही बनत नाही गं. मेल पाठवतो." "कोणाला?" "दुसऱ्या ऑफिसला." "ते काय बनवतात?" मी विचार केला. "तेही मेल पाठवतात." तू ताट माझ्याकडे सरकवलंस. मग म्हणालीस, "जेव, भाजी गार होतेय."

आता चौरंगाचं.

तुझ्या शेजारच्या भारतीकाकू, मूळच्या इथल्याच जुन्या गावातल्या. त्यांचं घर पाडून इमारत झाली, आणि घराबरोबर अंगणातला आंबाही गेला. काकूंनी त्याच्या फळ्या तेवढ्या काढून घेतल्या आणि सुकवून तुझ्याकडे आणल्या. मी होते तेव्हा. "आमचे दारानचा आंबा हाय गो," त्या म्हणाल्या. "दुसरा नाय आता. ह्याचा बाप्पाला चौरंग कर."

तू फळ्या जोडून गोल काढलास. त्यावरून बाबांना विषयच मिळाला. "ताई, चौरंग चौकोनी असतो. गोल चौरंग म्हणजे काय? आणि पाय तीनच?"

"तीन पायांचं काही डुगडुगत नाही," तू म्हणालीस.

"मग त्रिरंग म्हण!"

"भारतीचा बाप्पा बसणार त्याच्यावर. तू नाही."

त्या चौरंगावरून आपलाही एक वाद सुरू झाला, आणि तो राहिला. तू प्रत्येक कामाच्या खाली, बरोबर मध्यावर, एक छोटं भोक ठेवायचीस. बोटाचं टोक जाईल एवढं. त्यात पितळी खुंटी बसायची, खुंटीचं दुसरं टोक रोटरी टेबलाच्या मधल्या भोकात. म्हणजे जॉब ठेवला की मध्याच्या जवळपास बसतो. त्या भोकाला तू बेंबी म्हणायचीस. काम झालं की ती बुजवावी, असं माझं म्हणणं. वस्तू सुंदर, आणि उलटी केली की भोक! मी तुला लाकडाच्या चकत्या बनवून द्यायला तयार होते, वर तुझं नाव कोरून. मला खरंच वाटायचं की तुझं नाव कुठे तरी असावं.

"बेंबी कोणी बुजवतं का?" तू म्हणायचीस.

"आत्या, काम झाल्यावर तिचा उपयोग काय?"

"तुझ्या बेंबीचा आता काय उपयोग आहे? आहे ना तरी?"

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. उद्या कोणाला ह्याच्यावर काही करायचं झालं, पॉलिश, दुरुस्ती, तर त्याने मध्य कुठून शोधायचा? कड झिजते. लाकूड फुगतं. बेंबी जागची हलत नाही."

"कोण करणार आहे दुरुस्ती?"

तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, वाद मी जिंकला. त्या रविवारी तू अकरा पाकळ्या कापल्यास, मशीन बंद केलंस, पाठ चोळलीस आणि म्हणालीस, "उरलेल्या पुढच्या वेळी तू काप. मी हँडल फिरवते."

मी म्हटलं, "नको. बिघडेल. काकूंचा आंबा आहे."

"बिघडणार नाही. मी आहे ना."

पुढचा रविवार आला तेव्हा तू हॉस्पिटलमध्ये होतीस, आणि बोलत नव्हतीस.

पाहुणे गेले. गाद्या उचलल्या. बाबा खोलीच्या मध्ये उभे राहून म्हणाले, "मशीनचं काही तरी बघायला हवं. घर मोकळं करायला हवं." भारतीकाकू आल्या, पॅसेजमधल्या चौरंगासमोर थांबल्या आणि त्याच्यावरून हात फिरवला. गणपती जवळ आले होते. "ऱ्हाऊ दे गो बाय," त्या मला म्हणाल्या. "हाय तसाच दे. त्याच्यावर कापड घालीन नि बसवीन बाप्पाला."

कापड. तुझ्या अकरा पाकळ्यांवर कापड.

"मी करते पुरा," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.

बाबा म्हणाले, "बेटा, ते उचललंय आता. परत तसंच बसणार आहे का? वाकडं गेलं तर ताईचं कामही जाईल आणि काकूंचं लाकूडही." बाबांचं म्हणणं बरोबर होतं. तेवढंच पणाला लागलं होतं. एक पाकळी चुकीच्या जागी गेली की तुझ्या अकराही चुकीच्या दिसणार, आणि दुसरा आंबा नाही.

मी हँडलवरचा टॉवेल काढला. आधी चौरंग, मग सत्यनारायण. टेबलाचा मध्य पुन्हा पहिल्यापासून काढला. काटा शांत झाला तेव्हा हँडलं बंद केली आणि हात मागे घेतले, जणू तू चापट मारणार होतीस. मग लाकूड उलटं केलं. बोट खाली गेलं, आणि बेंबी सापडली.

आत्या, तू वाद जिंकलीस. तेव्हाच जिंकली होतीस, मला आता कळलं. कोण करणार आहे दुरुस्ती, मी विचारलं होतं. तू माझ्याकडे बघून गप्प बसली होतीस.

खुंटी बसवली. कटर चालू न करता तुझ्या शेवटच्या पाकळीत उतरवला, म्हणजे फूल आधीच्याच कोनात बसलं की नाही ते कळावं. बसला तो, म्यानात तलवार बसावी तसा. पण तू म्हणायचीस, खुंटी जवळ आणते, पोचवतो काटा. पाकळ्यांच्या बाहेरून तू एक बारीक गोल खोबण कापलेली होतीस. तिच्या भिंतीला डायल टेकवलं आणि टेबल फिरवलं. काटा चढला, उतरला. मी अर्धं धरून टिचकी मारली. पुन्हा फेरी. पुन्हा टिचकी. चढ कमी होत गेला, आणि मग एका जागी अडला. कितीही टिचक्या मारल्या तरी जाईना. या बाजूची चूक काढली की पलीकडची वाढायची.  खिडकीबाहेर मुलं मंडपाच्या बांबूंवर चढत होती. मी मोगरी खाली ठेवली आणि नुसतीच टेबल फिरवत बसले, काट्याकडे बघत, जसं आपण बसायचो.

तेव्हा दिसलं. एका फेरीत काटा दोनदा चढत होता.

तू किती वेळा सांगितलं होतंस. एका फेरीत एकदा चढला तर जॉब बाजूला आहे, चूक तुझी, ठोक. दोनदा चढला, समोरासमोर, सारखाच, तर मध्य बरोबर आहे. लाकूडच आता गोल राहिलेलं नाही. दमट हवेत ते रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने फुगत नाही. पॅसेजच्या ओल्या भिंतीला इतके दिवस टेकून आंबा जरासा अंडाकृती झाला होता. "लाकडाच्या चुकीला ठोकू नये," तू म्हणायचीस. "त्याने त्याचं केलं. तू तुझं कर."

म्हणजे मध्य केव्हाच आला होता. मी उगाच ठोकत होते.

क्लॅम्प लावले. टेबल नेलं, आणि मोठ्याने म्हटलं, "दोनशे साडेसत्तेचाळीस." रिकाम्या खोलीत म्हटलं. एकदा बोटांवर खात्री करून घेतली. सत्तेचाळीस, फॉर्टी सेव्हन. कटर चालू केला. तो सावकाश लाकडात उतरवला. आंब्याचा वास आला, किंचित गोडसर, तुझ्या साडीला रविवारी यायचा तो. मग दोनशे सत्तर. मग दोनशे साडेब्याण्णव. तीनशे पंधराला बाबा दारात येऊन उभे राहिले.  शेवटची तीनशे साडेसदतीस. तिच्या पलीकडे तुझी पहिली पाकळी, आणि त्या दोघींच्या मध्ये जेवढी जागा राहील त्यावर सगळं कळणार होतं.

भुसा फुंकला. जागा होती. इतर जागांसारखीच.

बाबा वाकून बघत होते. चष्मा काढून, पुन्हा लावून. "ताईच्या कुठल्या आणि तुझ्या कुठल्या?"

मी सांगितलं नाही. तुला सांगते. नीट बघितलं तर त्या शेवटच्या जागेची रेष इतरांपेक्षा केसभर जाड आहे. लाकडाचं ते. थोडं माझंही असेल. मी अर्धं धरते.

काल तीन पाय जोडून चौरंग भारतीकाकूंकडे नेला. बाबांनी एका बाजूने धरला, मी दुसऱ्या. काकूंनी हात पुसले आणि पाकळ्यांवरून एकेक करून बोट फिरवलं, सगळीकडून. मग त्यांनी तो जरा कलता केला आणि खालून हात घातला.

"ह्यो काय गो? भोक ऱ्हायलाय. बुजवायचा ना?"

"बेंबी आहे ती, काकू," मी म्हटलं. "बेंबी कोणी बुजवतं का?"

काकू बघतच राहिल्या. बाबा हसले. किती दिवसांनी हसले. "भारतीताई, हिचं ऐकू नका. ही पण तिच्यासारखीच निघाली. एक्सेंट्रिक."

"किती थाउ?"

मोठ्याने विचारलं, आत्या. माणसांत.

बाबांना उत्तर पाठ आहे.   पण ते चौरंगाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"थाउ म्हंजे काय गो?" काकूंनी मला विचारलं.

मी सांगणार, तेवढ्यात बाबांनीच स्टूल पुढे ओढलं आणि बसले. "असं बघा, भारतीताई," ते म्हणाले, आणि दोन बोटं त्यांच्यासमोर धरली. "हा समजा एक इंच. आता याचे हजार भाग करायचे..."